तात्पुरता फॅट-फ्री आहार: कशाऐवजी काय निवडावे?

डॉक्टरांनी ‘काही दिवस स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद’ असे लिहून दिले की पहिला विचार मनात येतो तो तेलाशिवाय भाजी कशी करायची हा. तो प्रश्न सुटण्यासारखा आहे, पण आधी ठरवायची गोष्ट वेगळीच आहे. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच पिष्टमय पदार्थांतून किंवा प्रथिनांतून प्रत्येकी ४. त्यामुळे ताटातली चरबी काढली की ऊर्जेचा मोठा वाटा निघून जातो, जठरातून अन्न लवकर पुढे सरकते आणि जेवून फार वेळ झालेला नसतानाही भूक लागते. भात, बटाटा, भाज्या आणि बहुतेक फळे यांत चरबी मुळातच नगण्य असल्यामुळे त्यांच्या निवडीत चूक होणे कठीण असते. प्रथिने मात्र बहुधा चरबीला सोबत घेऊनच येतात. म्हणून प्रथिने कशातून घ्यायची ते प्रथम निश्चित करावे आणि उरलेले जेवण त्याभोवती मांडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहीआधी पथ्य कोणत्या कारणासाठी आहे आणि दिवसाला किती ग्रॅम चरबी चालेल, हे डॉक्टरांना नेमके विचारून घ्यावे. शून्य चरबीचे जेवण प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य असते, आणि ‘फॅट-फ्री’ या एकाच शब्दामागे आजारागणिक निराळी मर्यादा असते. पित्ताशयात खडे असतील तर चरबी लहान आतड्यात पोहोचताच कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते, पित्ताशय आकुंचन पावते आणि कळ उठते. येथे एका जेवणात एकदम जास्त चरबी जाऊ न देणे महत्त्वाचे ठरते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर त्याच्या जोडीला जेवणे लहान आणि वरचेवर असावी लागतात. छातीतल्या शस्त्रक्रियेनंतर लसिकावाहिनीतून (लसिका म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळीतून) दुधाळ द्रव गळत असेल तर मर्यादा सर्वांत कडक असते, कारण नेहमीच्या आहारातली बहुतेक चरबी त्याच वाहिनीतून जाते. अशा रुग्णाला काही वेळा एमसीटी नावाचे तेल दिले जाते. त्यातली मेदाम्ले (चरबीचे घटक) आतड्यातून थेट यकृताकडे जातात. हे तेल आपल्या मनाने सुरू करू नये. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी फार वाढल्यामुळे पथ्य सांगितले असेल, तर साखर, फळांचे रस आणि मद्य हेही तितकेच घातक असतात. म्हणजे पित्ताशयाच्या रुग्णाला चालणारी जेली किंवा सरबत या रुग्णाने टाळले पाहिजे.

आता प्रथिनांकडे वळू. चरबीच्या हिशोबाने अंड्याचा पांढरा भाग सर्वांत निर्धोक आहे: एका मोठ्या अंड्याची सुमारे ५ ग्रॅम चरबी जवळजवळ सगळी पिवळ्या बलकात असते आणि पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने उरतात. त्याची उणीव चवीत आणि पोतात आहे. मोठ्या आचेवर तो रबरासारखा चिवट होतो. मंद आचेवर, झाकण ठेवून, मशरूम आणि टोमॅटो आधी कोरडे परतून त्यावर ओतला तर मऊ राहतो. मलईविरहित दुधाचे घट्ट, पाणी निथळलेले दही मला त्याहून सोयीचे वाटते, कारण त्याला शिजवावे लागत नाही, १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने देते आणि केळ्याबरोबर गोड किंवा काकडी-पुदिन्याबरोबर खारे असे दोन्ही प्रकारे खपते. ते रश्श्यात घालायचे असल्यास भांडे आचेवरून उतरवून घालावे. चरबी नसलेले दही उकळले की हमखास फाटते.

मसुरासारख्या डाळी आणि पांढरा मासा यांत निवड करायची असेल, तर पचनाची स्थिती पाहावी. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहून कमी चरबी आणि सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय तंतू असल्यामुळे भूक बराच वेळ लांबते, आणि या पथ्यात तेच सर्वाधिक हवे असते. परंतु नुकत्याच ओसरलेल्या पोटदुखीनंतर तंतूंमुळे गॅस धरू शकतो. तेव्हा कॉडसारखा पांढरा मासा वाफवून, आले आणि लिंबू लावून घेणे हलके पडते. त्यात चरबी एक टक्क्याहून कमी असते. सॅमन आणि मॅकरेल एरवी कितीही गुणाचे असले तरी या दिवसांत ते तेलकट मासेच आहेत. डबाबंद ट्यूना घ्यायचा तर तेलातला नव्हे, पाण्यातला घ्यावा. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात शिजल्यावर १०० ग्रॅममागे साधारण ३ ते ४ ग्रॅम चरबी राहते, त्यामुळे मर्यादा सैल असेल तरच ते बसते. छोले शिजवल्यावर अडीच ग्रॅमच्या घरात जातात, आणि सोयाबीन व टोफू तर या यादीतून सरळ वगळावेत.

पिष्टमय पदार्थांत फार घोळ नाही. भात पोटाला हलका असतो, उकडलेला बटाटा पोट अधिक वेळ भरलेले ठेवतो. दोन्हींत चरबी अर्ध्या टक्क्याच्या आत असते. फसवणूक होते ती ओट्सच्या बाबतीत. आरोग्यदायी म्हणून त्यांची ख्याती खरी असली, तरी कोरड्या ओट्समध्ये सुमारे ७ टक्के चरबी असते, म्हणजे ४० ग्रॅमच्या वाटीतून जवळपास ३ ग्रॅम. दिवसाची मर्यादा १० ग्रॅमच्या आसपास असेल तर न्याहारीतच तिचा मोठा भाग संपतो. पावात लोणी किंवा तेल मिसळलेले असू शकते, म्हणून वेष्टन वाचल्याशिवाय तो घेऊ नये.

वेष्टन वाचतानाही एक मेख आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार ‘फॅट-फ्री’ म्हणवण्यासाठी १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम चरबी चालते, तर अमेरिकेत ही अर्ध्या ग्रॅमची अट एका वाढणीला लागू होते. वाढणी लहान दाखवली की चरबी कागदावर शून्य होते. पॅनवर मारायचा तेलाचा फवारा हे त्याचे ठळक उदाहरण आहे: वाढणी क्षणभराच्या फवाऱ्याची धरलेली असते, आत मात्र प्रामुख्याने तेलच असते.

शिजवण्याच्या पद्धतींत वाफवणे सर्वांत सोपे असले, तरी चौथ्या जेवणापर्यंत त्याचा कंटाळा येतो, कारण चरबीबरोबर बराचसा सुगंधही जातो. माझा कौल पाण्यावर परतण्याला आहे. जाड बुडाच्या भांड्यात कांदा कोरडाच टाकावा, तो तळाला चिकटून तपकिरी डाग धरू लागला की एक चमचा पाणी घालून उलथन्याने खरवडावे, आणि कांदा सर्वत्र बदामी होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे. तेलावर लागतो त्याहून वेळ जास्त लागतो, पण तळाचा तो तपकिरी अर्कच पुढे डाळीला किंवा सूपला अंग देतो. शेवटी लिंबू किंवा व्हिनेगर आणि कोरडे भाजलेले मसाले घातले की तेलाची उणीव बरीच भरून निघते. पोट अजून नाजूक असेल, तर आंबट आणि तिखट दोन्हींवर हात आखडता ठेवावा.

या सर्वांतून एका दिवसाची मांडणी करायची झाल्यास मी सकाळी घट्ट दही व केळे, दुपारी पाण्यावर परतलेल्या कांद्याची पातळ डाळ आणि भात, संध्याकाळी फळ, आणि रात्री वाफवलेला मासा, बटाटा व गाजर अशी सुचवेन. मासे न खाणाऱ्याने त्या जागी मलईविरहित दही घालून केलेले भाज्यांचे दाट सूप घ्यावे.

बरे वाटले म्हणून हे पथ्य स्वतःहून लांबवू नये. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी चरबी लागते, आणि आवश्यक मेदाम्लांची कमतरता काही आठवड्यांत जाणवू लागते. शिवाय चरबीच न मिळाल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचते आणि नवे खडे होण्याचा धोका वाढतो. ज्याच्यासाठी पथ्य केले तोच त्रास अशा रीतीने ओढवतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चरबी एका जेवणात एक लहान चमचा तेल, म्हणजे साडेचार-पाच ग्रॅम, या प्रमाणात आणि शक्यतो दुपारच्या जेवणात परत आणावी, म्हणजे काही त्रास झालाच तर तो दिवसाउजेडी लक्षात येईल आणि मदत घेता येईल. पोटात कळ, मळमळ किंवा फिकट तेलकट शौच दिसल्यास प्रमाण न वाढवता डॉक्टरांना कळवावे.