तीन इंची पितळी पिनहोल्डर: दोन प्रदर्शनं झाल्यावर

आमच्या गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, त्यातल्या पंचवीस गुलाबाच्या. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे मी आधी फक्त सुटे गुलाब न्यायचे. एक दांडी, एक फूल. गेली दोन वर्षं पुष्परचनेतही भाग घेते आहे, आणि हा पिनहोल्डर त्यासाठीच घेतला.

जपानीत याला केन्झान म्हणतात. शिशाची जाड चकती आणि तिच्यात फुलांच्या दांड्या खोचायला दाटीने बसवलेले पितळी काटे. माझा गोल आहे, साडेसहाशे रुपयांना मिळाला. इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "दिसण्यावर जाऊ नका, हातात धरून वजन बघा." घरच्या वजनकाट्यावर जवळजवळ अर्धा किलो भरला.

ते वजन का लागतं हे मला आधीच्या खरेदीने शिकवलं होतं. एक स्वस्तातला ऑनलाइन मागवला होता. ग्लॅडिएटर गुलाबाची लांब दांडी जरा कलती लावली की तो ताटलीसकट उलटायचा. काटे लोखंडाचे निघाले, दुसऱ्या दिवशी पाणी तांबूस झालं. पांढऱ्या ताटलीत ते पाणी बघवत नव्हतं. या पितळी काट्यांना दोन वर्षांत गंज नाही, फक्त रंग काळपट झाला आहे.

फुलं खोचायच्या, पाणी शोषणाऱ्या हिरव्या फोमशी तुलना करायलाच हवी, कारण बहुतेक जण तोच वापरतात. फोममध्ये फूल खोचलं आणि जागा पसंत पडली नाही म्हणून उपसून पुन्हा खोचलं, की पहिलं भोक तसंच राहतं. नव्या जागीही दांडी खालपर्यंत घट्ट बसली नाही तर तिच्याखाली हवेची पोकळी राहते आणि तिला पाणी मिळत नाही. माझ्या पहिल्या रचनेतल्या गुलाबाने दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकली ती यामुळेच. शिवाय त्या फोमचा चुरा होतो, तो कुजत नाही, आणि खताच्या ढिगात टाकता येत नाही. पिनहोल्डरवर दांडी थेट पाण्यात उभी असते. काटे बुडतील एवढं पाणी ठेवायचं, बाकी फूल आपलं आपण पितं.

लावायची पद्धत मात्र हातात बसावी लागते. दांडी तिरकी कापायची, आधी सरळ उभी काट्यांत दाबायची आणि मग हवी तेवढी कलती करायची. पहिल्यापासून तिरकी खुपसली तर धरत नाही. गुलाबाची जाड दांडी फार कडक असेल तर टोकाला उभी चीर द्यावी. शेवंतीसारखी बारीक देठं काट्यांच्या मधून निसटतात, त्यांतल्या दोन-तीन देठांची मोळी दोऱ्याने बांधते. गेल्या वर्षी लाल मिरच्या लगडलेली आमच्याच कुंडीतली एक फांदी गुलाबांच्या मागे उभी केली होती. ती तीन दिवस हलली नाही.

मला याचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केलेल्या 'डॉ. होमी भाभा' या पांढऱ्या गुलाबासाठी. त्याच्या पाकळीला बोट जरा जोरात लागलं तरी तासाभरात तपकिरी डाग उमटतो, आणि परीक्षकांची नजर पहिली तिथेच जाते. त्यामुळे फुलाला जितकं कमी हाताळावं तितकं चांगलं. मी फूल आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर कापते, अर्धं उमललेलं असताना. लगेच मानेपर्यंत खोल बादलीत, आणि बादली रात्रभर न्हाणीघरात अंधारात. बाजूच्या कळ्या आधीच, ज्वारीएवढ्या असतानाच खुडलेल्या असतात, म्हणजे दांडीवर खूण राहत नाही. सकाळी बाहेरची एखादी खराब पाकळी काढायची, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. तेल लावून पानं चमकवू नयेत. मग दांडी खालून धरून काट्यांवर एकदाच दाबायची. फुलाला हात लागतच नाही.

आता उणिवा. शिसं आहे, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत, जेवणाच्या वाडग्यात ठेवू नये, उरलेलं पाणी पक्ष्यांच्या भांड्यात ओतू नये. काटे खरोखर टोकदार आहेत. माझी नात चार वर्षांची आहे, म्हणून तो वरच्या फळीवर, जाड पुठ्ठ्याच्या डब्यात असतो. तळाला रबराची कडी नव्हती, गुळगुळीत चिनी मातीच्या ताटलीत तो घसरायचा. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून घातली. वाकलेले काटे सरळ करायची छोटी पितळी नळी वेगळी विकत घ्यावी लागली, ती सोबतच द्यायला हवी होती. जाड दांड्यांनी कडेचे काटे वाकतातच.

सुटे गुलाब बाटलीत ठेवून स्पर्धेला नेणाऱ्यांना याची गरज नाही. प्रदर्शनातल्या भाज्यांच्या थाळीच्या स्पर्धेलाही नाही. तिथे हिरव्या देठाची, एकसारख्या आकाराची पाच वांगी निवडण्यातच सगळा वेळ जातो. पण पसरट भांड्यात मोजकी फुलं उभी करायची असतील तर स्वस्तातला घेऊ नका, हाच घ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या नळीचा आणि रबराचा कापला.

छाटणीपासून फूल यायला आमच्याकडे साधारण पन्नास दिवस लागतात, म्हणून यंदाही नोव्हेंबरच्या शेवटी कात्री चालवीन. त्याआधी एक दोन इंची पिनहोल्डर घ्यायचा आहे, शेवंतीसाठी.