१०९७ हेल्पलाइन : दादाच्या ऑपरेशनच्या वेळी खरंच कामाला आली

नॅकोची (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) ही एचआयव्हीसाठीची फुकट हेल्पलाइन, २४ तास चालू असते, आणि गरज पडेपर्यंत मला हा नंबरच माहीत नव्हता. मागच्या महिन्यात दादाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, हॉस्पिटलचं नाव इथे टाकत नाही. दादाला एचआयव्ही आहे, सहा वर्षं एआरटीच्या (विषाणू दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या घेतोय, सरकारी सेंटरमधून फुकट मिळतात, एक दिवस चुकवत नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये दिसतसुद्धा नाही. त्याने आपणहून डॉक्टरांना सांगितलं आणि तासाभरात फाइलवर लाल पेनने मोठ्ठ्या अक्षरात 'पॉझिटिव्ह' लिहून आलं. वॉर्डबॉय वाचतोय, शेजारच्या पेशंटची बायको वाचतेय. दादा ती फाइल मांडीवर पालथी घालून, वर दोन्ही हात ठेवून बसला होता. संध्याकाळी म्हणाले आमच्याकडे सोय नाही, घेऊन जा. कसली सोय? हातमोजे, निर्जंतुक केलेली हत्यारं हे सगळ्याच पेशंटना लागतं ना!

रात्री वहिनीने १०९७ लावला. मराठीत बोलायला मिळालं, ताईंनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं, वहिनी रडत होती तरी घाई केली नाही. त्यांनी सांगितलं की २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, एचआयव्ही आहे म्हणून सरकारी काय नि खाजगी काय, कोणीच उपचार नाकारू शकत नाही आणि पेशंटच्या परवानगीशिवाय ही गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही. २० किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमायलाच लागतो. त्याच्या वर या कायद्याखालच्या तक्रारींसाठी राज्याने नेमलेला लोकपाल (ओम्बुड्समन), त्याने ३० दिवसांत आणि इमर्जन्सीत शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा, तो पाळला नाही तर १०,००० पर्यंत दंड. दादाला भीती नाव बाहेर फुटायची होती, तर कोर्टात गेलं तरी ओळख लपवून केस चालवायची मागणी करता येते हेही कळलं, तेव्हा कुठे तो तयार झाला.

एक स्टार कापतेय कारण हा नंबर दवाखान्यांच्या भिंतीवर कुठेच दिसत नाही, आणि तक्रार शेवटी आपल्यालाच लिहून द्यावी लागते. आम्ही दिली, रिसेप्शनवर तक्रार अधिकारी कोण ते कोणालाच माहीत नव्हतं, तरी शिक्का मारून पोच घेतलीच. ऑपरेशन सरकारी हॉस्पिटलमध्ये झालं, टाके निघाले, तिथल्या फाइलवर फक्त नाव आणि वॉर्ड नंबर होता.