ग्रिल बदलावी की आहे तीच काळी करावी? अ‍ॅडास असलेल्या मोटारीच्या मालकांसाठी तुलना

ज्या मोटारीत अ‍ॅडास (वाहन चालवताना चालकाला मदत करणारी प्रणाली) नाही, तिची ग्रिल बदलणे हा आवडीचा आणि खिशाचा प्रश्न आहे. अ‍ॅडास असेल, तर ग्रिलच्या आसपास कुठेतरी पुढच्या वाहनांचा वेध घेणारे रडार बसवलेले असण्याची शक्यता असते आणि मग त्याच्यासमोर काय येते याला रंगरूपापेक्षा अधिक महत्त्व येते. अशा वेळी पर्याय मुख्यतः दोन उरतात: मूळ ग्रिल जागेवर ठेवून तिच्या क्रोमच्या पट्ट्यांवर काळे व्हिनाइल (चिकटणारी पातळ प्लॅस्टिक फिल्म) चढवणे, किंवा संपूर्ण ग्रिल काढून बाजारातली दुसरी बसवणे.

निवड करण्याआधी आपल्या मोटारीत रडार आहे का आणि असल्यास कुठे आहे, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. भारतात विकल्या जाणाऱ्या होंडा सिटी आणि एलिव्हेट यांची प्रणाली काचेमागच्या एका कॅमेऱ्यावर चालते, त्यामुळे तिथे ग्रिल बदलण्यातला धोका बराच कमी होतो. रडार असलेल्या मोटारींत ते कधी बंपरच्या खालच्या जाळीत एका सपाट काळ्या चौकोनामागे असते, तर कधी थेट कंपनीच्या बोधचिन्हामागे. उठावदार क्रोमच्या चिन्हाऐवजी गुळगुळीत, काचेसारखी चकती दिसली, तर तिच्यामागे रडार असावे असे समजूनच वागावे.

हे रडार साधारण ७६ ते ७७ गिगाहर्ट्‌झवर चालते, म्हणजे त्याच्या लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर असते. इतक्या आखूड लहरींना समोरच्या आवरणाची जाडीसुद्धा जाणवते, म्हणून कंपनी त्या प्लॅस्टिकचा प्रकार आणि जाडी मोजून ठरवते. लहर जाताना एकदा आणि समोरच्या वाहनावर आपटून परतताना पुन्हा एकदा त्याच आवरणातून जात असल्यामुळे आवरणातला प्रत्येक दोष दोनदा भोवतो. धातू लहरी परतवतो. खरे कार्बन फायबर विद्युतवाहक असल्यामुळे तेही अडथळाच ठरते, आणि ज्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात तो मेटॅलिक रंगही लहरी क्षीण करतो. चकाकणाऱ्या चिन्हांमागून रडार चालते ते त्यांवर नेहमीचा क्रोमचा मुलामा नसून इंडियमसारख्या धातूचा अत्यंत पातळ थर असतो म्हणून. बाजारातले हुबेहूब दिसणारे चिन्ह तसे असेलच असे नाही.

या कसोटीवर व्हिनाइलचे पारडे स्पष्टपणे जड आहे. पट्ट्यांवर चढवायचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास जाडीचा असतो, कोणताही भाग जागचा हलत नाही आणि कंटाळा आल्यास तो काढून मूळ क्रोम परत मिळवता येतो. काम करणाऱ्याला एवढेच बजावायचे, की रडारचे आवरण किंवा चिन्ह याला हात लावायचा नाही, त्यावर रॅप नको, रंग नको आणि पारदर्शक फिल्मही नको. उणीव ही, की उन्हाने दोन-तीन वर्षांत कडा सुटू लागतात आणि ग्रिलचा आकार मात्र तोच राहतो.

आकारच बदलायचा असेल, तर कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीजमधली, त्याच मॉडेलच्या अ‍ॅडास असलेल्या आवृत्तीसाठी दिलेली ग्रिल घ्यावी. ती महाग पडते, पण रडारची जागा तिच्यात धरलेली असते. ‘सगळ्या व्हेरिएंटना बसते’ असे सांगून विकली जाणारी ग्रिल बहुधा अ‍ॅडास नसलेल्या मोटारीच्या मापाने बनवलेली असते, आणि तिची एखादी पट्टी रडारच्या नेमकी आडवी येऊ शकते. दाट जाळीची ग्रिल हवाही अडवते, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात एसीच्या कंडेन्सरला तिचा त्रास आधी जाणवेल. बंपरपुढे बसवल्या जाणाऱ्या धातूच्या बुलगार्डचा विचार तर करूच नये: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरात अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते.

ग्रिल बदलण्याचा खरा खर्च मात्र तिच्या किमतीत दिसत नाही. अनेक मोटारींत ग्रिल काढण्यासाठी बंपर सोडवावा लागतो, आणि या उलाढालीत रडारचा कंस किंचित कलू शकतो. रडार आडव्या दिशेत एका अंशाने जरी फिरले, तरी शंभर मीटरवर त्याचा नेम पावणेदोन मीटर सरकतो, म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या लेनचा निम्मा भाग. मग शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असे समजून मोटार अचानक ब्रेक लावू शकते, किंवा पुढचा ट्रक तिच्या लक्षात उशिरा येऊ शकतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने हे शंभर मीटर चार सेकंदांच्या आत संपतात. रडार पूर्ण झाकले गेले तर डॅशबोर्डवर इशारा येतो, पण थोडासा कल प्रत्येक वेळी पकडला जाईलच याची खात्री नाही. म्हणून दिवा पेटलेला नाही एवढ्यावर काम व्यवस्थित झाले असे मानणे मला धोक्याचे वाटते.

त्यामुळे नवी ग्रिल घ्यायचीच ठरली, तर अधिकृत सेवा केंद्रात रडारचे कॅलिब्रेशन (नेम तपासून पुन्हा अचूक बसवणे) करून घेण्याचा खर्च पहिल्याच हिशेबात धरावा, आणि त्याचा अहवाल बिलासोबत मागून घ्यावा. हा आकडा जोडल्यावरही नव्या ग्रिलचा मोह टिकला तर ती जरूर बसवावी. माझ्या मोटारीवर मी काळे व्हिनाइलच लावीन.