विमानांच्या आवाजाची भरपाई: पैसे, खिडक्या की दुसरं घर?

घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या बाजूला आमची चार मजली सोसायटी आहे. मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात, इतक्या खालून की उघडलेली चाकं दिसतात. पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. शेजारच्या सोसायट्यांसह भरपाई मागायची हे ठरलंय, पण काय मागायचं यावर तीन तट पडलेत. काहींना घराच्या पडलेल्या किमतीचे पैसे हवेत. काही म्हणतात, आवाज अडवणाऱ्या खिडक्या बसवून द्या. उरलेले म्हणतात, आम्हाला इथून हलवा. मी खजिनदार आहे, त्यामुळे कागद माझ्याकडे येतात. इतर देशांत काय देतात आणि आपल्या कायद्यात काय बसतं, ते गेले दोन महिने वाचते आहे. अशाच निर्णयापाशी आलेल्या कुर्ला, जरीमरी, पार्ले, जुहूच्या सोसायट्यांनाही उपयोग होईल म्हणून इथे मांडते.

आधी मूळ प्रश्न. आवाजाने किंमत खरंच पडते का? अमेरिका आणि कॅनडातल्या २३ विमानतळांवरचे अभ्यास जॉन नेल्सन या अर्थतज्ज्ञाने २००४ साली एकत्र तपासले. अमेरिकेत आवाज एका डेसिबलने वाढला की घराची किंमत साधारण ०.५ ते ०.६ टक्क्यांनी घटते, असं त्यात निघालं. आपल्याकडे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. गर्दीच्या विमानतळांभोवती मात्र २०१८ च्या अधिसूचनेनुसार दिवसा ७० आणि रात्री ६५ पर्यंत चालतं. म्हणजे दिवसाचा फरक १५ डेसिबलचा. नेल्सनचा दर लावला तर दोन कोटींच्या घरामागे १५ ते १८ लाख. हा आकडा व्हॉट्सअॅपवर गेला तेव्हा पैसे मागणाऱ्यांची संख्या एका रात्रीत वाढली.

पण तो दर मुंबईला जसाच्या तसा लागत नाही. इथे मेट्रो आली, रस्ता रुंद झाला, की किंमत वर जाते. विमानतळ जवळ असणं हेच जाहिरातीत गुण म्हणून छापतात. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारच्या मालमत्ता दरांच्या तक्त्यात, विमानाखालची इमारत आणि दोन गल्ल्या पलीकडची शांत इमारत एकाच विभागात, एकाच दराने बसतात. तोटा आहे, पण तो ‘वाढायला हवी होती तितकी वाढली नाही’ या रूपात. तो सिद्ध करायचा तर शेजारच्या शांत गल्लीतले त्याच आकाराचे, त्याच वयाचे नोंदणीकृत व्यवहार शोधून शेजारी शेजारी मांडावे लागतात.

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते. त्याने जानेवारी २०२० मध्ये आमच्याच पट्ट्यात फ्लॅट घेतला. एजंटने दोन्ही वेळा आठवड्यातल्या दुपारी दाखवला. तेव्हा मुख्य धावपट्टीचं काम चालू होतं आणि नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० ती रविवार सोडून रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच बंद असायची. त्याला वाटलं, काय शांत घर मिळालं. मग टाळेबंदी आली, २५ मे पर्यंत देशांतर्गत विमानंही थांबली. घर नेमकं कुठे आहे हे कळेपर्यंत त्याचे कर्जाचे हप्ते सुरू होऊन महिने झाले होते. किंमत आधीच पडलेली असती तर त्याला निदान स्वस्त तरी मिळालं असतं. आवाजाचं ओझं किमतीत दिसत नाही तेव्हा ते घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

पडलेल्या किमतीचे पैसे

ही मागणी सरळ वाटते, आणि तिचा सगळ्यात स्वच्छ नमुना ब्रिटनमध्ये आहे. १९७३ च्या लँड कॉम्पेन्सेशन अॅक्टच्या पहिल्या भागात आवाज, कंपनं, वास, धूर अशा सात कारणांनी मालमत्तेची किंमत घटली तर भरपाई मिळते. काम वापरात आल्यावर एक वर्ष थांबायचं, मग दावा. वर्षभर थांबवण्यामागे कारण आहे: सुरुवातीच्या घबराटीचे भाव बसू देतात, आणि आवाजाचा खरा अंदाज येतो.

अटी मात्र नीट वाचा. विमानतळाच्या बाबतीत ही भरपाई धावपट्टी, टॅक्सीवे (विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याचा रस्ता) किंवा विमानं उभी करायची जागा नव्याने बांधली किंवा बदलली तरच मिळते. नुसती उड्डाणं वाढली तर काहीच नाही. आणि आपलं दुखणं तर तेच आहे. सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तिथे आहे. धावपट्ट्या दोनच, तीही एकमेकींना छेदणाऱ्या. वाढली ती गर्दी. ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली. ब्रिटिश कायदा इथे असता तरी आमच्या गल्लीला त्यातून दमडी मिळाली नसती.

आणखी एक अट मला जास्त खुपते. दावा घरमालकाला करता येतो, किंवा ज्याच्या भाडेकराराची किमान तीन वर्षं उरली आहेत त्याला. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा बाहेर. आमच्या इमारतीत सोळांपैकी पाच घरं भाड्याची आहेत. समोरच्या चाळीत पागडीवाले आहेत. जरीमरीच्या वस्तीत, जिथे विमान जवळजवळ पत्र्यांना टेकतं, बहुतेकांकडे मालकीचा कागदच नाही. आवाज सगळ्यांच्या कानात शिरतो, आणि चेक मात्र ज्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट आहे त्यालाच. मालक तो घेऊन ठाण्याला राहायला जाऊ शकतो, आणि त्याच्या भाडेकरूचं पोर त्याच खोलीत दहावीचा अभ्यास करत राहील.

अमेरिकेत हा हक्क कायद्यातून नाही, संविधानातून आला. नॉर्थ कॅरोलिनात कॉझबी नावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्या लष्करी विमानांच्या आवाजाने बिथरून भिंतींवर आपटून मेल्या. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इतक्या खालून सतत विमानं नेणं म्हणजे जमीन ताब्यात घेतल्यासारखंच आहे, मोबदला द्या. तो विमानतळ चालवणाऱ्याने द्यायचा, हे १९६२ च्या पिट्सबर्गच्या खटल्यात ठरलं. पण पैसे मिळतात तिथे बहुधा एका कागदावर सही द्यावी लागते: या घरावरून विमानं जातील, आवाज होईल, आणि मी किंवा माझ्यानंतरचा मालक तक्रार करणार नाही. हा हक्क घराला कायमचा चिकटतो. सभेत कोणी एकरकमी तडजोडीचा कागद फिरवला, तर त्यात असं कलम आहे का ते आधी बघा.

खिडक्या

माझं मत इथे आहे, हे लपवत नाही.

अमेरिकेत दिवसरात्रीची सरासरी ६५ डेसिबलच्या वर असलेल्या पट्ट्यात केंद्राच्या मदतीने घरांना खिडक्या, दारं, छताचं अस्तर बसवून देतात. सरासरी काढताना रात्रीच्या प्रत्येक विमानाला १० डेसिबल जास्त धरतात, कारण झोपमोड ही वेगळी इजा आहे. जर्मनीत १९७१ च्या कायद्याने विमानतळाभोवती दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे पट्टे आखले जातात. रात्रीच्या पट्ट्यात झोपायच्या खोल्यांचा खर्च मिळतो. फ्रान्सची पद्धत मला सगळ्यात पटली. तिथे २००५ पासून उड्डाण करणाऱ्या प्रत्येक विमानावर आवाजाचा कर आहे, जड आणि गोंगाटी विमानाला जास्त, रात्री उडालं तर आणखी जास्त. त्यातून आजूबाजूच्या घरांना खिडक्यांसाठी मदत मिळते. करदात्याच्या खिशाला हात लागत नाही, आणि भाड्याच्या घरातही झोप येते.

आमच्यापैकी तिघांनी स्वखर्चाने खिडक्या बदलल्या आहेत, त्यांच्या अनुभवावरून थोडं. नुसती ‘डबल काच’ म्हणून घेऊ नका. दोन्ही काचा एकाच जाडीच्या आणि मधलं अंतर अगदी कमी असेल तर फरक फारसा पडत नाही. एक काच लॅमिनेटेड, दुसरी वेगळ्या जाडीची, आणि मधे जमेल तितकी मोकळी जागा हवी. स्लायडिंगच्या फटीतून आवाज येतोच. दारासारखी उघडणारी, चारी बाजूंनी रबर दाबून बंद होणारी खिडकी घ्या. एसीच्या पाइपाचं भोक आणि बाथरूमची काचपट्ट्यांची झडप विसरली तर बाकी खर्च निम्मा वाया जातो. वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब आणि पत्र्याची शेड हाही रस्ताच.

याची किंमतही आहे. मुंबईच्या मे महिन्यात बंद खिडकी म्हणजे दिवसभर एसी, आणि ते बिल कोण भरणार? मागणीत ते लिहा. गॅलरीत बसणं, खाली पोरांचं खेळणं, गच्चीवर पापड वाळवणं, यातलं काही काच वाचवत नाही. जर्मन कायद्यात २००७ च्या दुरुस्तीने नव्या किंवा मोठ्या प्रमाणात वाढवलेल्या विमानतळांजवळ गॅलरी-अंगणाचा उपभोग गेला म्हणून वेगळे पैसे ठेवले आहेत. आपल्या पत्रात हा मुद्दा घालावा.

एक हिशेब जमून येतो. ब्रिटनमध्ये किमतीची भरपाई मोजताना खिडक्यांच्या अनुदानाने झालेला फायदा धरला जातो. म्हणजे आधी खिडक्या आणि उरलेल्या घटीचे पैसे, हा क्रम लावता येतो. उलटा क्रम लावला तर पैसे घेतल्यावर खिडक्या कोणी देणार नाही.

दुसरं घर

यावर थोडक्यात, कारण आमच्यासाठी हे दूरचं आहे. जपानमध्ये १९६७ च्या कायद्याने विमानतळाभोवतीच्या सर्वांत गोंगाटी पट्ट्यातून निघून जाणाऱ्यांची जागा विकत घेता येते. ओसाकाच्या रहिवाशांनी मात्र वेगळं मागितलं होतं: रात्रीची विमानं बंद करा आणि आजवर सोसलं त्याचे पैसे द्या. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पहिलं नाकारलं, दुसरं दिलं. ते पैसे घराच्या किमतीचे नव्हते, सोसण्याचे होते, म्हणून मालकीचा प्रश्नच आला नाही.

नवी मुंबईत दहा वस्त्या विमानतळासाठी हलवल्या गेल्या आणि त्यांना जमिनीच्या बदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंडांचं पॅकेज मिळालं. ते जमीन गेल्याबद्दल. कुंपणाबाहेर ज्यांची घरं जागेवरच राहिली त्यांच्यासाठी आवाजाचं असं पॅकेज नाही.

आपल्या कायद्यात दार कुठे आहे

१९३४ च्या विमान कायद्याचं १७ वं कलम सांगत होतं की वाजवी उंचीवरून विमान गेलं एवढ्याच कारणाने, किंवा त्यातून ओघाने होणाऱ्या गोष्टींसाठी, दिवाणी न्यायालयात उपद्रवाचा दावा चालणार नाही. दिवाणी कोर्टात किमतीचा दावा ठोकू म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. वकिलाकडे जाताना दोन्हीच्या प्रती न्या.

त्याच १९३४ च्या कायद्यात ९बी कलमही होतं. विमानतळाजवळ बांधकामावर केंद्राने बंधन घातलं आणि त्यामुळे जमिनीचा बाजारभाव घटला, तर भरपाई द्यावी आणि एकमत झालं नाही तर लवादाने ठरवावी, असं ते सांगायचं. फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानं उतरण्या-चढण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात, रिडेव्हलपमेंट अडकलेल्या पार्ले, सांताक्रूझ, कुर्ल्यातल्या इमारतींना उंचीच्या बंधनाचं दुखणं चांगलं माहीत आहे. बाजारभाव घटला म्हणून पैसे द्यावेत हे तत्त्व आपल्या कायद्याला परकं नाही, आवाजापर्यंत ते पोचवलेलं नाही इतकंच. मागणीपत्रात हे वाक्य मला हवं आहे.

उरतं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात. २०१० च्या कायद्याच्या १५ व्या कलमाखाली प्रदूषणाने झालेल्या हानीची भरपाई मागता येते, पण कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांत. आमच्या गल्लीत ‘पहिल्यांदा’ कधी, हे सांगायला माझ्या सासूबाई हव्या होत्या.

उलवे-पनवेलकडे हे घड्याळ नुकतंच सुरू झालंय. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबरपासून सुरू झाली. तिकडे घर असेल तर तुमचा निर्णय आमच्यापेक्षा वेगळा हवा: किमतीचा दावा राखून ठेवा. उड्डाणं सुरू होण्याआधीचा खरेदीखताचा कागद, त्या वेळचं बँकेचं मूल्यांकन, आणि आतापासून महिन्यातून एकदा प्रमाणित मीटरने दिवसा व रात्री घेतलेली मोजणी एका फाइलमध्ये लावा. मोबाइलच्या अॅपची नोंद स्वतःसाठी ठीक, न्यायाधिकरणापुढे टिकायची नाही.

आमच्या सभेसाठी मी लिहिलेला ठराव असा आहे. एक, मालक असो वा भाडेकरू, प्रत्येक घराच्या झोपायच्या खोलीला खिडक्या, आणि त्याचा खर्च विमानांकडून घेतल्या जाणाऱ्या आकारातून. दोन, वरच्या मजल्यांना छताचं अस्तर. तीन, तक्रारीचा हक्क सोडायला लावणाऱ्या कुठल्याही कागदावर सोसायटी सही करणार नाही. चार, आमच्या पट्ट्यातली गेल्या पाच वर्षांची आवाजाची मोजणी डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं केंद्रीय नियामक कार्यालय) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून माहिती अधिकारात मागवायची. अर्जाचे दहा रुपये सोसायटीच्या खात्यातून, त्यासाठी सभेची वाट न पाहता मी ते कालच भरले.