‘विद्यापीठ प्रमाणित’ सेंद्रिय पशुखाद्य: पोती उतरवून घेण्याआधी

गोठ्यावर टेम्पो येतो. उतरणाऱ्याच्या हातात लॅमिनेशन केलेला कागद असतो. वर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं नाव, खाली गोल शिक्का, मध्ये ‘प्रथिने २२ टक्के’. बरेचदा हा कागद अस्सल असतो, आणि म्हणूनच माणूस फसतो.

अशा अहवालात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की निष्कर्ष दिलेल्या नमुन्यापुरताच. अर्धा किलो चांगलं खाद्य नेऊन फी भरली की अहवाल कोणालाही मिळतो. तुमच्या दारातल्या पोत्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आणि प्रथिनं मोजून खाद्य सेंद्रिय आहे की नाही हे कळतच नाही. सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली मान्यता मिळालेली प्रमाणन संस्था देते. त्यावर उत्पादकाचं नाव, मालाचं नाव आणि मुदत असते. तेच मागा.

त्याआधी पोत्यावरची घटकांची यादी वाचा. सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) किंवा डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा) दिसलं की विषय संपला. ही पेंड आणि हा कोंडा हेक्झेन या रसायनाने तेल काढलेला असतो, सेंद्रिय मानकांत तो बसत नाही. सरकी पेंडीचं तर विचारूच नका. आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी, म्हणजे जनुक बदललेला, आणि जनुक बदललेलं खाद्य सेंद्रिय गोठ्यात चालत नाही. ‘सेंद्रिय सरकी पेंड’ म्हणणाऱ्याला कापसाचं प्रमाणपत्र विचारा, लगेच बोलण्याची गाडी दुधाच्या फॅटवर येते.

आता ते २२ टक्के. प्रयोगशाळा खाद्यातलं नत्र मोजते आणि प्रथिनांचा आकडा काढायला त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात एक किलो युरिया टाकला की कागदावर पावणेसहा टक्के प्रथिनं वाढली, खर्च चिल्लर. साध्या पशुखाद्यात भारतीय मानक १ टक्क्यापर्यंत युरिया चालवून घेतं, सेंद्रियमध्ये अजिबात नाही. नीट न मिसळलेल्या पोत्यात युरियाचे खडे एका जागी साठतात. ते पोटात गेले की गाय लाळ गाळते, थरथरते, पोट फुगतं. तेव्हा डॉक्टरला लगेच बोलवा. वासराला तर युरिया नकोच, त्याचं कोठीपोट (रुमेन) तयार झालेलं नसतं.

घरी बघायचं तर मूठभर खाद्य कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून गाळा. पाण्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकून झाकण लावा. भाजलेलं नको, भाजल्यावर त्यातलं युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) मरतं. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण काढताच नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर युरिया आहे. शेजारी आपल्या मक्याच्या भरड्याचा तसाच ग्लास ठेवा, फरक कळतो.

सोबत येणाऱ्या ‘सेंद्रिय खनिज मिश्रणा’त महाग पडतो तो फॉस्फरस, म्हणून काटछाट तिथेच होते आणि वजन चुनखडीच्या भुकटीने भरतात. व्हिनेगर टाकून फसफसलं म्हणजे खोटंच असं नाही, चांगल्या मिश्रणातही थोडी चुनखडी असते. पण रोज ५० ग्रॅम देऊनही गाई माती चाटतात, चिंध्या चघळतात, तर फॉस्फरस तपासून घ्या.

नमुना तीन-चार पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून काढा. एकत्र करून दोन पिशव्या भरा, दोन्हींवर विक्रेत्याची सही आणि बॅच नंबर घ्या. एक प्रयोगशाळेत पाठवा, दुसरी बिलासोबत कोरड्या जागी ठेवा.