साडेतीन महिने स्टेरॉलच्या कॅप्सूल : आधी बाटली फिरवून मागचं वाचा

कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून वनस्पतींतल्या स्टेरॉल नावाच्या घटकाची एक कॅप्सूल रोज सकाळी चहासोबत, असं दोन महिने केलं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तपासलं. 158 चं 156. नऊशे रुपयांच्या बाटलीत दोन आकडे! डोकंच फिरलं. कंपनीला फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणे, "ताई, लेबलवर सगळं लिहिलंय."

सासूबाईंचं सुईत दोरा ओवायचं भिंग घेतलं, खिडकीच्या उजेडात बाटली धरली. समोर ठळक 1300 मिलिग्रॅम. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, हे वजन दोन कॅप्सूलचं, आणि तेही स्टेरॉल एस्टरचं, म्हणजे स्टेरॉल आणि त्याला जोडलेलं स्निग्धाम्ल मिळून. त्यात प्रत्यक्ष स्टेरॉल 800. म्हणजे माझ्या पोटात रोज 400 जात होतं. एलडीएल साधारण 10 टक्के उतरायला दिवसाला 2 ग्रॅम लागतं. पाच कॅप्सूल! बाटलीवर दोन महिन्यांचा माल वाटतो, तो बारा दिवसांत संपतो. रोजचे पंचाहत्तर रुपये. हा 400 चा आकडा समोर छापायला काय हरकत होती? माझा सगळा राग इथेच आहे.

औषधाला मात्र मी उगाच नावं ठेवली. चूक माझीही होती. स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा आधीच धरून बसतं, एसटीत रुमाल टाकावा तसं. कोलेस्टेरॉल पित्तात मिसळूनच आतड्यातून अंगात शिरतं आणि पित्त सुटतं ते जेवल्यावर, म्हणून कॅप्सूल जेवणासोबतच हवी. रिकाम्या पोटी चहाबरोबर काय होणार?

मग दुपारी दोन, रात्री तीन. कळण्याची भाकरी, ठेचा आणि ताटाशेजारी कॅप्सूल. शेवभाजी महिन्यातून एकदाच. भरितावरचं कच्चं शेंगदाण्याचं तेल सोडलं नाही, निम्मं केलं. चार बाटल्या संपल्या, सात आठवडे झाले. एलडीएल 142. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) जिथल्या तिथे, आणि त्यांच्यावर याचा फारसा परिणाम होत नाहीच.

शेंगदाणे-तीळ खाऊन भागेल का, हे जावेने विचारलं. शेंगदाण्यातही स्टेरॉल असतं, पण 2 ग्रॅमसाठी जवळजवळ किलोभर दाणे खावे लागतील. वजनाचं काय मग?

आता पैशाचं. महिन्याला सव्वादोन हजार, तेही कायमचे, कारण थांबवलं की आकडा परत चढतो. आमच्या जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायच्या गोळीने, हार्ट अटॅक कमी होतात हे सिद्ध झालंय. स्टेरॉलने नुसता आकडा उतरतो, अटॅक टळतो असं कुणी दाखवलेलं नाही." वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी अटॅक आला होता. म्हणून मी आता स्वस्तातली स्टॅटिनची गोळी सुरू केली आणि कॅप्सूल बंद केल्या.

गोळी चालू असताना वरून स्टेरॉल घेतलं तरी एलडीएल आणखी थोडं उतरतं. ज्यांना परवडतं त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. गरोदर बाई किंवा अंगावर पाजणारी असेल तर घेऊ नये. माझी पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. कंपनीला मी पत्र पाठवलंय, एका कॅप्सूलमधलं खरं स्टेरॉल समोरच्या बाजूला छापा म्हणून. अजून उत्तर नाही.