बॉटनीच्या तयार स्लाइड्सचा बॉक्स (११वी-१२वी) : खोडं-मुळं एकदम मस्त, पण उभा छेद एकही नाही

मी घरीच ११वी-१२वीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते, त्यांच्यासाठी सपुष्प वनस्पतींच्या परमनंट स्लाइड्सचा २५ चा बॉक्स ऑनलाइन मागवला होता. खोड, मूळ, पान, परागकोश, अंडाशय सगळं एकाच डब्यात. भरपूर वापरून झालाय, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी जे आवडलं ते. सूर्यफुलाच्या खोडाची स्लाइड फारच सुंदर आहे, ४एक्सच्या लेन्सखाली ठेवली की व्हॅस्क्युलर बंडल्सचं (पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यांचं) अख्खं कडं दिसतं आणि १०एक्सवर गेलं की आत झायलम (पाणी नेणारा भाग), बाहेर फ्लोएम (अन्न नेणारा) आणि मध्ये कॅम्बियमची (नव्या पेशी बनवणाऱ्या थराची) बारीक पट्टी इतकी स्पष्ट दिसते की 'ओपन बंडल' (कॅम्बियम असलेलं) म्हणजे काय हे वेगळं सांगावंच लागत नाही. लगेच शेजारी मक्याचं खोड लावायचं. तिथे बंडल्स सगळीकडे विखुरलेले, कडेला लहान आणि दाट, आत मोठे आणि विरळ, कॅम्बियम नाहीच. आणि प्रत्येक बंडल माकडाच्या तोंडासारखं दिसतं, दोन मोठ्या वाहिन्या म्हणजे डोळे आणि खालची पोकळी म्हणजे तोंड, हे एकदा दिसलं की मुलं प्रॅक्टिकलच्या स्पॉटिंगला (नमुना ओळखायच्या प्रश्नाला) मका कधीच चुकत नाहीत.

कण्हेरीच्या पानाची स्लाइड दिलीय हे मला विशेष आवडलं. कण्हेर आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, डिव्हायडरवर सगळीकडे असते, आणि तिच्या पानाच्या खालच्या बाजूला खड्डे असतात, त्यात केस असतात, आणि पर्णरंध्रं त्या खड्ड्यात लपलेली असतात. कमी पाण्यात ती कशी तग धरते हे पाठ करायची गरजच उरत नाही, डोळ्यांनी दिसतं.

आता खटकलेलं.

पहिली गोष्ट रंग. स्लाइड्सना सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीन दिलेलं आहे, म्हणजे लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) असलेल्या भिंती लाल (झायलम, आणि स्क्लेरेन्कायमा म्हणजे आधार देणाऱ्या कडक पेशी) आणि सेल्युलोजच्या भिंती हिरव्या. पण सोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळसुद्धा नाही. मग मुलं समजतात की झाड आतून खरंच असं लाल-हिरवं असतं, आणि हिरवं दिसलं की म्हणतात क्लोरोफिल! हे आधीच सांगून टाका, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

दुसरं लेबल्स. 'डायकॉट स्टेम टी.एस.' (द्विदल वनस्पतीच्या खोडाचा आडवा छेद) एवढंच लिहिलंय, वनस्पतीचं नाव बऱ्याच स्लाइड्सवर नाहीच. आणि 'मोनोकॉट रूट' (एकदलाचं मूळ) असं लेबल असलेली एक स्लाइड चक्क डायकॉटची निघाली. झायलमचे चारच गट आणि मधला पिथ (मऊ गाभा) जवळजवळ नाही. एकदलाच्या मुळात सहापेक्षा जास्त गट असतात आणि पिथ चांगला मोठा. विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर बदलून दिली, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्या घरी हे ओळखणारं कोणी नाही तिथे मूल चुकीचंच शिकणार ना.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे पानाची सोललेली साल सोडली तर सगळेच्या सगळे आडवे छेद. उभा छेद एकही नाही! त्यामुळे होतं काय की वाहिनी म्हणजे एक गोल भोक एवढंच डोक्यात बसतं, ती मुळापासून पानापर्यंत पाणी नेणारी लांब नळी आहे, तिच्या भिंतीवर लिग्निनची वेटोळी असतात, हे कळतच नाही. मी यासाठी भोपळ्याच्या वेलाचं खोड घेते, त्याच्या वाहिन्या मोठ्या असतात, नव्या ब्लेडने उभा पातळ काप काढायचा, सॅफ्रानिनचा थेंब, पाण्याने धुऊन ग्लिसरीन आणि वर कव्हरस्लिप. काप जरा जाड आला तरी वेटोळी दिसतात. आणि पावसाळ्यात, गौरी-गणपतीच्या सुमारास, तेरडा मिळतो तेव्हा त्याचं रोप मुळासकट लाल शाईच्या पाण्यात ठेवा, पारदर्शक खोडातून लाल रेघा वर चढताना दिसतात. मग तेच खोड आडवं कापलं की तिथे लाल ठिपके! रेघ आणि ठिपका एकच आहे हे त्या क्षणी कळतं, आणि मग बॉक्समधल्या स्लाइड्सना खरा अर्थ येतो.

फुलाच्या स्लाइड्स ठीकठाक. लिलीच्या परागकोशाची चांगली आहे, चार कप्पे आणि टॅपिटम (परागकणांना पोसणारा थर) दिसतं. अंडाशयाच्या स्लाइडमध्ये मात्र हवेचा बुडबुडा अडकलाय, नेमका बीजांडावर (ज्याचं पुढे बी होतं). पण त्यासाठी स्लाइड हवीच असं नाही, कोवळी भेंडी आडवी कापा, बहुतेक वेळा पाच कप्पे आणि मधल्या अक्षाला चिकटलेल्या बिया, हाच तो अक्षीय बीजांडन्यास. जास्वंद त्याच कुळातली, तिचं फूल उभं चिरलं की पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून वर गेलेला कुक्षीवृंत (बारीक दांडा), टोकाला पाच कुक्षी (जिथे पराग पडतात). निदलपुंजाखाली (फुलाच्या तळाशी असलेल्या हिरव्या निदलांखाली) आणखी एक बारीक हिरव्या पानांचं वर्तुळ असतं तेही दाखवा, फ्लोरल फॉर्म्युला (फुलाची रचना चिन्हांत लिहायचं सूत्र) लिहिताना मुलं ते हमखास विसरतात.

घ्यायचा का? घरी किंवा क्लासमध्ये बरा मायक्रोस्कोप असेल तर घ्या, खोड-मूळ-पानासाठी पैसे वसूल आहेत. फक्त फुलासाठी घेत असाल तर नका घेऊ, बाजारात जा आणि भेंडी आणा. आल्या आल्या सगळ्या स्लाइड्स तपासून घ्या म्हणजे बदलून मिळतात, आणि डबा सुरुवातीला असा ठेवा की स्लाइड्स आडव्या राहतील, नवीन स्लाइडचं बाल्सम (कव्हरस्लिप चिकटवणारा डिंक) पूर्ण सुकलेलं नसेल तर उभं ठेवल्यावर कव्हरस्लिप सरकते. ४०एक्स लावताना मुलांना फक्त फाइन नॉब फिरवू द्या. आणि उभ्या छेदांचा चांगला सेट कोणाला कुठे मिळाला असेल तर नक्की सांगा, मला हवाच आहे.